उजवी बाही दोन बोटं आखूड

बाबा, मी तुमच्यावर रागावलेलो आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे गोड बोलायचा मोह होणार नाही. तुम्ही गेलात त्याला तीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुमच्या फोटोला हार घातले, तेरवीला गाव जेवू घातलं, कोणी 'वस्तादाचा पोरगा' म्हटलं की मान खाली घालून हसलो, आणि रागाचं एक अक्षर काढलं नाही. आता सहासष्टाव्या वर्षी काढतो आहे. माझं अक्षर वाईट आहे, ते का वाईट आहे हे तुम्हाला माहीत आहे, तेही पुढे येईलच. नातीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेतली आहेत. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून आलो, एकदा गॅस बंद आहे का ते पाहायला, एकदा बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवेना म्हणून पाकीट चाचपायला. घेतली होती.

तुमची सून चार वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर मला पडायची भीती बसली. न्हाणीत पाय सरकला, फार लागलं नाही, पण त्या दिवसापासून मी भिंतीला हात लावून चालायला लागलो. ओलं दिसलं की थांबायचो, पायरी दिसली की थांबायचो. रस्त्यानं मोटरसायकल आली की ती जाईपर्यंत कडेला उभा. आमच्या मुर्री गावातलीच एक बाई, तीस-बत्तीस वर्षांची, गोंदियात शिवणकामाचं दुकान चालवते, तिनं मला एक दिवस असं उभं पाहिलं आणि स्कूटी थांबवली. "काका, भिंत काऊन धरून राहिले?" मी म्हटलं, पडायची भीती वाटते. ती म्हणाली, "मंग आमच्या क्लासले या. तिथं पयले पडनंच शिकवतेत." मला वाटलं थट्टा करते. थट्टा नव्हती.

सिमेंट-लोखंडाच्या दुकानावर एक हॉल आहे, आधी तिथं शिकवणी चालायची, फळा अजून भिंतीवर आहे. खाली निळ्या गाद्या अंथरलेल्या. खेळाचं नाव ब्राझिलियन जिऊ-जित्सू. मला ते नाव नीट घ्यायला महिना लागला. शिकवणारे सर रेल्वेत आहेत, नागपूरला बदलीवर असताना शिकले, हिंदी बोलतात, वयानं माझ्या मुलापेक्षा लहान. आठ-दहा जण येतात, बँकेतले, कॉलेजातले, ही शिंपीण. कोणाला स्पर्धेत जायचं नाही. दिवसभर काम करून संध्याकाळी घाम गाळायला येतात. मी दरवाज्यात चपला हातात घेऊन उभा राहिलो. रक्तदाबाचे कागद सोबत नेले होते, ते सरांना दाखवले. डॉक्टरला विचारलं का, एवढंच त्यांनी विचारलं आणि मला गादीवर बसवलं. पहिले पंधरा दिवस फक्त पडायचं. बसून मागे पडायचं, उकिडवं बसून पडायचं, हनुवटी छातीला लावायची, हातानं गादीवर चापट मारायची. पंधरा दिवस झाले तेव्हा एका संध्याकाळी घरी आलो आणि भिंतीला हात न लावता न्हाणीत गेलो. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

मग सर म्हणाले, आता पाठीवर झोपा, समोरचा वरून येईल, इथूनच लढायचं. मी झोपेना. खरंच झोपेना, बाबा. तुमचा आखाडा डोळ्यांपुढे आला. तलावाच्या पाळीखाली छपरी, आत हळद-ताक घालून मऊ केलेली माती, आणि काठाशी तुम्ही, खांद्यावर पंचा. 'पाठ मातीले लागली का मानूस सरला.' हे वाक्य मी चालायला शिकलो तेव्हापासून ऐकलं आहे. पाठ लागलेल्या पोराशी तुम्ही दोन दिवस बोलत नव्हते. माझ्याशी तर पंधरा पंधरा दिवस. आणि इथं एक पोरगेला माणूस मला सांगतो आहे की पाठीवर पडलात तरी काही संपत नाही, तिथून खेळ सुरू होतो, हे पाय आहेत ना, यांनी त्याला लांब ठेवा. मी सगळ्यांच्या नंतर झोपलो. बँकेतला मुलगा वर आला, मी पाय त्याच्या कमरेला लावले आणि तो अडकला. त्याला पुढे येता येईना. एवढं सोपं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता, मला तुमचा संताप आला. मी तीस वर्षांवर राईस मिलमध्ये काढली, घरात, नात्यात, मिलमध्ये कितीदा पाठीवर पडलो, आणि दर वेळी सरलो असं समजून तसाच पडून राहिलो.

दुसरा नियम याहून मोठा. त्याला टॅप म्हणतात. हात पिळला गेला, गळा आवळला गेला, सहन होईना, की समोरच्याच्या अंगावर हातानं दोनदा थोपटायचं. त्यानं तिथल्या तिथे सोडायचं. बस. मग दोघं हात मिळवतात आणि पुन्हा पहिल्यापासून. मी थोपटत नव्हतो. दोन महिने नाही. हात ताणला गेला की दात आवळून पडून राहायचो. एकदा सरांनीच माझा हात धरला होता, त्यांच्या हाताला माझ्या कोपरात काहीतरी लागलं, त्यांनी स्वतः सोडलं आणि ते एवढे चिडले की सगळे थांबले. "काका, ये मर्दानगी घर पे रखके आना. टैप करना हार नहीं है. कल फिर आना है ना आपको? हाथ लेके आना है कि बिना हाथ के?" सगळे हसले. मी नाही हसलो. मी त्यांना म्हटलं, हा हात असाच आहे, लहानपणापासून सरळ होत नाही. त्यांनी विचारलं, कैसे हुआ. मी म्हटलं, पडलो होतो.

पडलो नव्हतो. हे आपल्या दोघांना माहीत आहे. आता आई नाही, हाडवैद्य नाही, तेव्हा समोर असलेलेही कोणी नाहीत, मीच एकटा राहिलो आहे ज्याला माहीत आहे.

मी चौदा वर्षांचा आहे, आठवीत. दिवाळी होऊन गेली आहे, गावोगाव मंडईची जत्रा भरते आहे, तिरोड्याकडचे तीन पहेलवान आपल्याकडे जेवायला आले आहेत. जेवणं झाल्यावर तुम्ही त्यांना आखाड्यात नेता. एक पेच दाखवायचा आहे. दाखवायला अंग पाहिजे, म्हणून मला हाक मारता. मला मातीवर पाडता, माझा उजवा हात तुमच्या मांडीवर घेता, कोपर वर, मनगट खाली, आणि त्यांना सांगायला लागता. 'हा असा आला का मंग जागा नाई राहत.' मी म्हणतो, बाबा, बस झालं. तुम्ही सांगत आहात. मी मोठ्यानं म्हणतो, बाबा, बस. एक पहेलवान माझ्याकडे पाहतो, तुमच्याकडे नाही. तिसऱ्यांदा मी आईला हाक मारतो. तुरीची वाळकी काडी पायाखाली आल्यावर होतो तसा आवाज येतो. तुमचं वाक्य अजून उरलेलं आहे. ते तुम्ही पूर्ण करता. मग हात सोडता.

चुलीपाशी आई आंबेहळद गरम करते आहे. लेप माझ्या पायावर सांडतो. हाडवैद्य बांबूच्या कामट्या घेऊन येतो आणि हात जसा सापडला तसा बांधतो. तुम्ही दारात उभे. "मले आयकूच नाई आलं. पोट्टे कल्ला करून राहिले होते." मग माझ्याकडे पाहून, "रडतं कायले? हातच हाये, जीव नाई गेला." दुसऱ्या दिवसापासून आई शेजारणींना सांगायला लागली, त्याच्या बाबाले आयकू नाही आलं बाई, कल्ला होता. मरेपर्यंत ती हेच सांगत राहिली. मी तिच्यावर रागावत नाही. तिला आणखी काय सांगता आलं असतं.

ऐकू आलं नाही म्हणता. बाबा, तुमच्या कानांची गोष्ट अख्ख्या पंचक्रोशीत होती. आपल्या घरानं तलाव बांधले, तुम्ही तलावाचं पाणी वाटायचे, आणि त्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, पाळीच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. आखाड्यात पोरं शड्डू ठोकत असायची, आणि तुम्ही मधेच हात वर करायचे. 'तुडूम बोटभर उघडं रायलं. जाय, दाटून ये.' मी धावत जायचो आणि खरंच बोटभर उघडं असायचं. दोन फर्लांगावरून बोटभर पाणी ऐकणारा माणूस मांडीवरच्या पोराला ऐकू शकला नाही. आणि मी हे मानलं. बावन्न वर्षं मानलं.

कामट्यांतून हात सुटला तेव्हा माघ लागला होता. तो अर्धा वाकलेलाच राहिला. मधली परीक्षा गेली, उजव्या हातात पेन धरवेना, डाव्यानं जमेना. तुम्ही म्हणालात, "आता चाल धानाच्या बांधीत. एका हातानं बैल त हाकलता येतेत." मी शाळेत परत गेलोच नाही. गुरुजी दोनदा घरी आले, तुम्ही त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मिलमध्ये लिहिण्याचं काम माझ्याकडे कधी आलं नाही, पट्टे आणि चाळण्या आल्या. पगाराच्या कागदावर सही करताना मी आधी मागे कोण उभं आहे ते पाहायचो. अजून पाहतो. आताही एकदा पाहिलं.

हे सगळं मी दाबून ठेवलं होतं. त्या हॉलमध्ये ते वर आलं, कारण तिथं दर पाच मिनिटांनी कोणीतरी थोपटतं आणि कोणीतरी सोडतं. सोडतं म्हणजे लगेच सोडतं, बोलणं अर्धं टाकून सोडतं. सर शिकवत असताना कोणी त्यांना थोपटलं तर ते शब्द तोंडात धरून हात मोकळा करतात, मग पुढचं बोलतात. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर जिन्यात गेलो आणि बराच वेळ आत आलो नाही.

हळूहळू मी थोपटायला शिकलो. वर्ष होत आलं तोवर मला तिथं बरं वाटायला लागलं होतं. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तुमची सून गेल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता. डॉक्टर दंडाला पट्टा बांधतो तेवढंच. मुलगा-सून चांगले आहेत, पण म्हाताऱ्याच्या अंगाला कोण हात लावतो. इथं माणसं मला धरायची, ओढायची, अंगावर पडायची, उठताना हात द्यायची. क्लासच्या दिवशी, सोमवारी आणि गुरुवारी, मला झोप यायची. त्या गाद्यांशिवाय आता माझं कसं होईल, हा विचार रोज यायचा, कारण मी विचार करणारा माणूस आहे, तुम्ही म्हणायचे तसा 'घोरवाला'.

तिथं एक जाड सदरा घालतात, त्याला गी म्हणतात. माझ्या अंगावर विकतचा गी चढला तेव्हा उजवी बाही बोटांवर यायची, कारण हात वाकडा, आणि समोरच्याला धरायला आयतीच सापडायची. शिंपिणीनं ते पाहिलं. एक दिवस दुकानात बोलावलं, टेप काढला. "हात सरका करा काका." मी म्हटलं, होत नाही. "किती होते?" मी दाखवला, एवढाच. तिनं तेवढाच मापला, खडूनं खूण केली. का, कसा, काही विचारलं नाही. आठवड्यानं जाड कापडाचा गी दिला, उजवी बाही दोन बोटं आखूड. "घालून पाहा. आता दोनी बाह्या मनगटावर बसतेत का नाई? कोनाले दिसनार नाई." बाबा, बावन्न वर्षांत त्या हातासाठी कोणी सदरा शिवला नव्हता. तुमची सूनसुद्धा बाही दुमडून द्यायची. मी पैसे काढायला गेलो तर ती म्हणाली, "ठेवा, नाईतर गीच परत घेईन."

आणि याच बाईचा हात मी मोडला. मोडला असं डॉक्टर म्हणत नाहीत, कोपरातले बंध ताणले गेले म्हणतात. मी मोडला म्हणतो.

माझी सायकल त्या दिवशी पंक्चर होती, म्हणून मुलगा मला न्यायला आला होता. हेल्मेट हातात घेऊन दरवाज्यात उभा. मी पाठीवर, ती माझ्या छातीवर बसलेली, तिनं माझा गळा धरला, मी थोपटलं. तिनं सोडलं. मुलगा दरवाज्यातून म्हणाला, "बाबा, आजोबा असते ना, आज पुन्हा एकदा मेले असते." सगळे हसले. तीही हसली. मीही हसलो. मग पुन्हा हात मिळवले आणि सुरू केलं. ती मला नेहमी सांभाळून घ्यायची, म्हाताऱ्याला थोडं जिंकू द्यायची. तिनं हात सैल पुढे दिला. मी तो धरला. दोन्ही पायांच्या मधे घेतला, मनगट छातीशी आवळलं, कंबर उचलली. हा पेच मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिनं डाव्या हातानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. दोनदा. मी सोडलं नाही. मी मनात आकडे म्हटले, एक, दोन. ती म्हणाली, "काका." मग तो आवाज आला. मी ओळखतो तो आवाज.

तुमचं निदान वाक्य उरलेलं होतं. मला तर बोलायचंही काही नव्हतं.

सगळे धावले. ती बसून होती, कोपर पोटाशी धरून, माझ्याकडे पाहत. सर विचारत होते, काका, टैप नहीं समझा? आणि मी माझा वाकडा हात वर केला. सगळ्यांना दाखवला. म्हटलं, लहानपणी मोडलेला आहे हो, याला काही कळत नाही, मला टॅप लागलीच नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खरं पाणी. सगळ्यांना माझीच दया आली. सर म्हणाले, काका की कोई गलती नहीं, आगे से सब लोग मुंह से भी बोलेंगे. मुलानं घरी नेताना सगळा रस्ता मला समजावलं. तुम्ही मला दिलेली एकच वस्तू माझ्याजवळ आहे, तो हात, आणि ती मी तुमचीच सबब सांगायला वापरली. त्या दिवशी मला तुमचा जेवढा राग आला तेवढा चौदाव्या वर्षीही आला नव्हता. तुम्ही मेलात ते बरं झालं असंही वाटलं. लिहिलं आहे, खोडत नाही.

तिचा हात सहा आठवडे गळ्यात. ऐन लग्नसराई. दुकानात ब्लाउजच्या कापडांचा ढीग, मशीनवर चादर. मी रोज सकाळी जाऊन शटर उचलायला लागलो. इस्त्री करायचो, हुक लावायचो, दोरे कापायचो. गिऱ्हाईक बायका विचारायच्या, ती म्हणायची, "काका मदत करून राहिले." एक म्हणाली, "असा म्हातारा मानूस भेटाले नशीब लागते." मला वाटलं शटर खाली ओढावं आणि आत बसून राहावं. रोज ठरवायचो आज सांगीन. रोज वाटायचं, सांगितलं की क्लास गेला. सरांना कळलं की म्हाताऱ्यानं मुद्दाम धरून ठेवलं, तर कोण मला गादीवर उभा करील. हा अपघात आहे तोवर माझी जागा आहे. मी पुन्हा भिंतीला हात लावायला लागलो होतो. न्हाणीच्या दारात पाय ठरेना.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती डाव्या हातानं कापड कापायला बसली. कात्री वाकडी गेली. महागाचं कापड होतं, कोणाच्या तरी लग्नातलं. तिनं कात्री टेबलावर आपटली. मी म्हटलं, "पोरी, मले टॅप लागली होती."

ती कापडाकडेच पाहत होती. "मले मालूम हाये."

"मालूम हाये?"

"हात वाकडा हाये तुमचा. गुडघा त धड हाये ना? मी गुडघ्यावर मारली होती."

मी कापडाच्या ढिगावरच बसलो. विचारलं, मग त्या दिवशी बोलली काऊन नाही. ती म्हणाली, "तुमचा पोरगा उभा होता ना दरवाज्यात." मग म्हणाली, "आनखीन तुमी आपल्या तोंडानं सांगता का, ते पायत होती. तीन हप्ते लावले." मी म्हटलं, माफ कर. "माफी-बिफी मंग पाहू. पयले सरले सांगा. मले सांगाले लावू नका, चुगली केल्यावानी दिसते. अना उठा तिथून, ते कापड गिऱ्हाइकाचं हाये."

बाबा, तुम्हाला कोणी असं उठवलं नाही. आईनं तुम्हाला एकदा असं उठवलं असतं तर. गुरुजींनी, त्या तीन पहेलवानांतल्या एकानं. सगळे तुम्हाला वस्ताद म्हणत राहिले. मी तुमचा राग करतो, पण त्या तिघांचाही करतो, आणि ज्यानं माझ्याकडे पाहिलं होतं त्याचा जास्त.

गुरुवारी मी हॉलमध्ये गेलो, गी न घालता. सगळे पट्टे बांधत होते. सगळ्यांसमोर सांगितलं, हिंदीत, अडखळत. जानबूझकर पकड़ के रखा था, दो गिनती. बँकेतला मुलगा पायांकडे पाहत राहिला. मग सर म्हणाले, "घर जाइए काका." त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. जिना उतरताना मी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. मुलाला सांगितलं की गुडघा दुखतो म्हणून जात नाही. नंतर त्यालाही खरं सांगितलं. तो म्हणाला, मी उगाच बोललो का बाबा त्या दिवशी. मी म्हटलं, तुझ्या बोलण्यानं कोणाचा हात मोडत नाही.

अकरा दिवसांनी सरांचा फोन आला. "मैंने उससे पूछा. वो बोली, आने दो. लेकिन मेरी शर्त है. तीन महीने आप किसी का हाथ नहीं पकड़ेंगे. आप नीचे, सामनेवाला ऊपर. छूटे तो छूटे, नहीं छूटे तो टैप." मी हो म्हटलं. ती फोनवर मागे असावी, तिचा आवाज आला, "अना म्हनाव, हुक लावाले येनं बंद करू नका, लगन सरले नाई अजून."

म्हणून आता मी सोमवारी आणि गुरुवारी पाठीवर पडतो. एकजण येतो, दाबतो, हात ताणतो. मी थोपटतो, तो सोडतो. दुसरा येतो. पहिले काही दिवस ते माझ्याशी बोलत नव्हते, नुसते येऊन दाबायचे आणि सोडायचे. तरी सोडायचे, बाबा. माझ्यावर राग असूनही सोडायचे. एका संध्याकाळी वीस-बावीस वेळा मी थोपटतो आणि वीस-बावीस वेळा हात मोकळा होतो, आणि दर वेळी मला तुमच्या तोंडावर ओरडावंसं वाटतं की पाहा, एवढंच होतं. याला वस्तादपण लागत नाही, ताकद लागत नाही. कॉलेजातला पोरगा करतो, बँकेतला कारकून करतो. तुम्ही मांडीवरचा हात सैल केला असता तर पहेलवानांना पेच कळला नसता का? कळला असता. मी नववीत गेलो असतो.

ती कोपराला पट्टी बांधून खुर्चीवर बसते आणि पाहते. माझ्यासोबत ती अजून उतरली नाही. विचारलं तर म्हणाली, "खेळीन का नाई, ठरवलं नाई." मी पुन्हा विचारणार नाही. ते तिनंच ठरवायचं.

ही पानं कुठं ठेवायची, तो घोर आता लागला आहे. कपाटात ठेवली तर सून कपडे लावताना पाहील, गादीखाली ठेवली तर नात काढील. तुमच्या फोटोमागे ठेवणार नाही, तिथं तर मुळीच नाही. बहुतेक उद्या फाडून टाकीन. तुमच्यापर्यंत जायचं नाहीच, तर मग शेवटचंही लिहून टाकतो, जे मी तिला सांगितलं नाही, सरांनाही नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. मी दोन आकडे मोजले हे सगळ्यांना सांगितलं. ते मोजताना मला काय वाटत होतं ते कोणाला सांगितलं नाही. भीती नंतर आली, लाज त्याच्याही नंतर. तिनं थोपटलं आणि मी सोडलं नाही, तेवढ्या वेळात मला बरं वाटत होतं.